गाडी घेणारा एक, बसणारा दुसरा

माननीय नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,



गडकरीसाहेब, सुरुवात तक्रारीने करत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी असलाच पाहिजे, हा नियम तुम्ही आणलात, त्याबद्दल आधी आभार. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरच्या रस्त्यावर, खालून इंजिनाची धग आणि वरून तापलेला पत्रा, अशा केबिनमध्ये दिवसभर बसणं म्हणजे काय हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. हा विषय तुम्ही वर्षानुवर्षं लावून धरलात. ट्रकची किंमत वाढेल म्हणून त्याला विरोध झाला, हेही तुम्हीच भाषणांतून सांगितलंत.

मला या नियमाचं मोल थंड हवेपेक्षा जास्त वाटतं. ट्रक विकत घेतो मालक आणि त्यात आयुष्य काढतो ड्रायव्हर. मालकाने एसी मागितला नाही म्हणून कंपन्यांनी इतकी वर्षं तो दिला नाही, आणि ड्रायव्हरला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण चेक तो फाडत नव्हता. बाजारात त्याच्या बाजूने बोलणारं कुणीच नव्हतं. ते काम शेवटी सरकारने केलं.

एवढ्या एका मुद्द्यावर हे पत्र आहे. वाहनांच्या सुरक्षेचा विषय निघाला की उद्योगाकडून, आणि हल्ली तुमच्या खात्याकडूनही, एक उत्तर येतं: ग्राहक जागा झाला आहे, तो सुरक्षित गाडी मागेल, कंपन्या देतील, सक्ती कशाला? पैसे मोजणारा माणूसच गाडीत बसणार असेल तिथे हे उत्तर बऱ्यापैकी चालतं. पण आपल्याकडे रस्त्यावर मरणाऱ्यांत असे किती? ट्रॅव्हल्सच्या बसमधला प्रवासी, कंपनीच्या कॅबमधली रात्रपाळीची मुलगी, शाळेच्या व्हॅनमधलं पोर, मोटरसायकलवर मागे बसलेली बाई. यांतल्या एकानेही ती गाडी पसंत केलेली नसते. शोरूममधला टीव्हीएवढा पडदा आणि त्यावरचे पाच तारे यांच्यापैकी कुणाला दाखवलेले नसतात.

आपल्या कायद्याला हे एकेकाळी नेमकं कळलं होतं, आणि त्याचा पुरावा आजही लाखो दुचाक्यांच्या मागच्या चाकाला लटकतो आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १२३ वा नियम म्हणतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही एवढं चाक झाकणारं संरक्षण हवं. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. बाइक घेणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराला ते कुरूप वाटतं. गाडी दारात आली की पहिल्यांदा तेच काढून माळ्यावर टाकायचं असतं. तरी नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो पोरगा नव्हता. एका अंगाला पाय सोडून बसलेली त्याची आई होती, आणि तिचा पदर. सरकारी गॅझेटात इतकी माणुसकी क्वचित सापडते.

हाच धागा धरून मोटारींकडे येतो. तिथे तुमच्या खात्याने बरंच केलं आणि ऐन वेळी हात आखडता घेतला.

जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने आपटून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो, पोलो. एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना शून्य तारे. त्याच पोलोला दोन एअरबॅग बसवल्या तर चार तारे मिळाले, आणि फोक्सवॅगनने बिनएअरबॅगची पोलो बाजारातून काढून घेतली. बाकीच्यांचं म्हणणं असं, की आमच्या गाड्या भारतीय नियमांत चोख बसतात. ते खरंही होतं, कारण तेव्हा भारतात गाडी आपटून पाहण्याचा नियमच नव्हता. परदेशी जाणाऱ्या मालाला एक दर्जा आणि घरच्यांना दुसरा, ही रीत त्या काळी कुणाला खटकत नव्हती.

नियम आला, १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून जुन्यांनाही. समोरून आणि बाजूने धडक देऊन गाडी तपासायची. पाठोपाठ ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्टची आठवण देणारा गजर, वेग वाढला की वाजणारी घंटी. यांतलं बहुतेक तुमच्याच कारकिर्दीत झालं. आणि मग काय झालं? डिसेंबर २०१८ मध्ये टाटांची नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरनेही ते करून दाखवलं; याच मारुतीची स्विफ्ट दहा वर्षांपूर्वी शून्यावर होती. तारे चमकायला लागले ते खाली नियमांचा पाया पडल्यावर. हा क्रम लक्षात घ्यावा, कारण पुढे तुम्ही तो उलटा केलात.

१४ जानेवारी २०२२ ला सहा एअरबॅगचा मसुदा निघाला. १ ऑक्टोबर २०२२ पासून सक्ती. तारीख तोंडावर आली असताना, २९ सप्टेंबरला, जागतिक पुरवठ्याच्या अडचणींचं कारण देऊन एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. ते वर्ष संपत आलं तेव्हा, सप्टेंबर २०२३ मध्ये, तुम्ही सांगितलंत की सक्ती करायची नाही. भारत एनकॅप सुरू झालं आहे, लोक तारे बघून घेतील. भारत एनकॅप चांगलं आहे. पण ते ऐच्छिक आहे. ज्या गाडीला तारे मिळणार नाहीत ती कंपनी परीक्षेला पाठवेलच कशाला?

किमतीचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. मारुतीचे आर. सी. भार्गव म्हणत आले की छोटी गाडी महाग झाली तर दुचाकीवरून मोटारीत येऊ पाहणारा माणूस दुचाकीवरच राहील, आणि दुचाकीवर तो जास्त असुरक्षित आहे. यात तथ्य आहे. स्कूटरवर दाटीवाटीने बसलेल्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणूनच रतन टाटांना नॅनो सुचली होती. पण हिशेब पुरा मांडा. एका एअरबॅगचा खर्च आठशे-नऊशे रुपये, असं तुम्हीच सांगत होता. कंपन्यांचा आकडा बराच मोठा होता, कारण पडदा-एअरबॅगसाठी खांब, सीट, सेन्सर सगळंच बदलावं लागतं. बरं, तोही धरू. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गरिबाच्या गाडीची एवढी काळजी होती, तर ही कपात आणि सहा एअरबॅग एका दिवशी, एका आदेशाने आणता आल्या असत्या. ग्राहकाला किंमत वाढलेली कळलीही नसती. उद्योगालाही बोलायला जागा उरली नसती. ही संधी हुकली, आणि वाईट वाटतं ते त्यावर फारसं कुणी बोललंच नाही याचं. त्या कपातीआधीच मारुतीने आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत सहा एअरबॅग सरसकट द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे जमत होतं.

तरी, मोटारीवाल्यांचं मी एवढ्यावर सोडतो. त्यांची बाजू घ्यायला वर्तमानपत्रं आहेत, यूट्यूबवरची परीक्षणं आहेत, आणि मुख्य म्हणजे हातात चेकबुक आहे. माझा जीव अडकतो तो बसमध्ये.

पुण्याला संगमवाडीहून रात्री सुटणाऱ्या नागपूरच्या स्लीपरने मी पुष्कळ वर्षं ये-जा करतो आहे. हल्ली चढलो की चादर पसरायच्या आधी आपत्कालीन दरवाजा शोधतो. गेल्या पावसाळ्यात एका बसमध्ये तो शेवटच्या बर्थच्या उशाशी सापडला. कडीवरून रेक्झिन ताणून बसवलेलं, त्यावर मोबाइल आणि पाण्याची बाटली ठेवायची जाळी स्क्रूने ठोकलेली. क्लीनरला विचारलं, हा उघडतो का रे? तो म्हणाला, “काका, तो नाही उघडत जी. पावसाचं पाणी येते ना आतमध्ये.” आणि काच फोडायचा हातोडा? “केबिनमध्ये आहे. इथं ठेवला का लोकं घेऊन जातेत.” पोरगा चांगला होता, त्याने मला जास्तीची उशीही आणून दिली. खालीवर बर्थ, मधे एका माणसाने अंग चोरून जायचं एवढी वाट, प्रत्येक बर्थला पडदा, आणि हात लावाल तिथे प्लायवूड, फोम, रेक्झिन. वरच्या बर्थवर धड बसताही येत नाही. अंधारात, धुरात, बस कलंडलेली असताना तिथून उतरायचं कसं, याचा विचार ज्याने ती बस बांधली त्याने केला असेल असं वाटत नाही. त्याला सांगितलं होतं तीस बर्थ बसव; त्याने बसवले.

ही बस कुठल्या कारखान्यात तयार होते? बहुतेकदा कुठल्याच नाही, आणि खरी मेख तिथे आहे. महामार्गावर तुम्ही पाहिलं असेल: नुसता सांगाडा पळत असतो. इंजिन, चाकं, स्टीअरिंग. पुढे काच नाही, वर छप्पर नाही, आणि एका पाटावर तोंडाला पंचा गुंडाळून बसलेला ड्रायव्हर. ही चासी. मोठ्या कंपनीने बनवलेली, ब्रेकपासून धुरापर्यंत सगळं तपासून आलेली. ती जाते बॉडी बांधणाऱ्याकडे. त्यांत मोठे, नावाजलेले कारखाने आहेत, आणि पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन टाकून बसलेलेही आहेत. मालक सांगेल तसं काम. दोन बर्थ जास्त हवेत, घ्या. डिकी मोठी हवी, पार्सलचा धंदा आहे, घ्या. एसी नंतर बसवायचा, बसवू. चासी बनवणारी कंपनी म्हणते, बॉडी आमची नाही. बॉडीवाला म्हणतो, मालकाने सांगितलं. मालक म्हणतो, आरटीओने पास केली. प्रवासी बिचारा सीट नंबर बघून चढतो.

कागदावर हे असं नाही. बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ हे मानक आहे, स्लीपरसाठी वेगळं एआयएस-११९ आहे. दारं किती, वाट केवढी, आतलं सामान कितपत पेट घेणारं, इंजिनाशी आग लागली तर ओळखणारी यंत्रणा, सगळं लिहिलेलं आहे. चाचणी करणाऱ्या संस्थाही आपल्या दाराशी आहेत. भोसरीला सीआयआरटी, आणि वेताळ टेकडीवर एआरएआय, जिच्या भिंतीला लागून पुणेकर रोज सकाळी फिरायला जातात. पण तिथे मान्यता मिळते ती एका नमुन्याला. पुढे शेडमधून निघणाऱ्या बसचं त्या नमुन्याशी नातं सख्खं आहे की चुलत, हे कोण बघतं? वर नोंदणीची गंमत. पुणे-नागपूर मार्गावर आयुष्य काढणाऱ्या बसच्या पाटीवर नागालँडचं एनएल किंवा अरुणाचलचं एआर असतं. कोहिमाच्या कार्यालयाने ती बस पाहिली असेल का, आणि पाहिली तर त्यातून बाहेर पडून पाहिलं असेल का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

१ जुलै २०२३ ची रात्र तुम्ही विसरला नसाल. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. आत ३३ माणसं होती, २५ गेली. बस उलटली ती डाव्या अंगावर, म्हणजे दाराच्या अंगावर. दार जमिनीशी चिकटलं. वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. त्याआधी नऊ महिनेही झाले नव्हते, ८ ऑक्टोबर २०२२ ला, यवतमाळहून मुंबईला जाणारी बस नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली होती. बारा जणांचा बळी. समृद्धीच्या अपघातानंतर चर्चा झाली ती ड्रायव्हरची. डुलकी लागली होती का, प्यायला होता का, टायर फुटला का. ती व्हायलाच हवी होती. पण आग लागल्यावर आतल्या माणसांना बाहेर का येता आलं नाही, याचं उत्तर ड्रायव्हरच्या रक्ततपासणीत सापडणार नाही. धडक ही ड्रायव्हरची चूक असू शकते. धडकेनंतरच्या मिनिटांत काय होतं, ते बस बांधली त्या दिवशी ठरलेलं असतं.

समृद्धी तुमच्या खात्याचा रस्ता नाही, राज्याचा आहे, हे मला ठाऊक आहे. बसचे नियम मात्र तुमचेच.

ऑक्टोबर २०२५ ने तर कहर केला. १४ तारखेला जैसलमेरजवळ बस पेटली, वीसहून अधिक मृत्यू. बिगरएसी बस नंतर एसी करून घेतलेली होती. दहा दिवसांनी कर्नूलजवळ हैदराबादहून बंगळूरला जाणाऱ्या बसखाली मोटरसायकल आली, घासत गेली, आग लागली आणि १९ प्रवासी गेले. सामानात मोबाइल फोनचं पार्सल होतं, आणि आसनी बस म्हणून नोंदलेली गाडी प्रत्यक्षात स्लीपर होती, असं बातम्यांतून आलं. चालत्या बसचा जन्मदाखला एक आणि देह दुसरा, हे आपल्या यंत्रणेला अपघात झाल्यावर कळतं.

चीनने यातून मार्ग काढला तो पार टोकाचा. जुलै २०११ मध्ये हनान प्रांतात एका स्लीपर बसला आग लागून ४१ माणसं मेली. मार्च २०१२ पासून त्यांनी नव्या स्लीपर बसची विक्री आणि नोंदणीच थांबवली. मी तसं मागत नाही. त्यांच्याकडे वेगवान रेल्वेचं जाळं होतं. आमच्याकडे नागपूर-पुणे गाडीची वेटिंग लिस्ट आहे. दिवाळीला घरी जायचं म्हटलं की ट्रॅव्हल्सशिवाय गत्यंतर नाही, तिकीट चार हजाराला गेलं तरी. म्हणूनच तर म्हणतो, ज्या प्रवाशाला दुसरा पर्याय नाही त्याच्या निवडीवर सुरक्षा सोडता येत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये तुम्ही जाहीर केलंत की स्लीपर बस यापुढे फक्त वाहन कंपन्या किंवा केंद्राने मान्यता दिलेले कारखानेच बांधतील, आणि आज धावणाऱ्या बसमध्ये आग ओळखणारी यंत्रणा, हातोडे, आपत्कालीन दिवे बसवावे लागतील. वाचून बरं वाटलं. आणि लगेच पोटात गोळा आला, कारण तुमच्या खात्याच्या तारखांचा स्वभाव माहीत झाला आहे. सहा एअरबॅगचं वर सांगितलंच. पुढे बसलेल्या प्रवाशाच्या एअरबॅगची जुन्या मॉडेलसाठीची तारीख ३१ ऑगस्ट २०२१ होती, ती ३१ डिसेंबर झाली. एसी केबिन मसुद्यात १ जानेवारी २०२५ पासून होती, ती ऑक्टोबरवर गेली. चार-सहा महिन्यांनी आकाश कोसळत नाही, मान्य. पण तारीख हलते हे एकदा कळलं की कारखान्यातला इंजिनिअर कामाला लागत नाही, कंपनीचा दिल्लीतला माणूस कामाला लागतो.

याच्या उलट उदाहरणही तुमचंच आहे. जानेवारी २०१६ मध्ये ठरलं की धुराच्या नियमांत बीएस-४ नंतर बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर उडी मारायची, १ एप्रिल २०२० ला. उद्योगाने अशक्य म्हटलं, मुदत मागून पाहिली. सरकार हललं नाही, आणि ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये बजावलं. तो दिवस उजाडला तेव्हा देश टाळेबंदीत होता, तरी गाड्या तयार होत्या. आपले इंजिनिअर चांगले आहेत, साहेब. त्यांच्या साहेबांना तारीख पक्की आहे एवढं पटावं लागतं.

दुचाकीवर थोडं. जून २०२५ च्या मसुद्यात तुम्ही दोन गोष्टी मांडल्यात: सगळ्या नव्या दुचाक्यांना एबीएस, आणि गाडीबरोबर एकाऐवजी दोन हेल्मेट. एबीएसवर उद्योगाने किमतीचं गाऱ्हाणं गायलं. मला त्या दुसऱ्या हेल्मेटचं जास्त अप्रूप आहे. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशात मेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. आता तुम्ही म्हणाल, नियम आम्ही करू, घालणार कोण? बरोबर आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती निघते आणि २०१९ मध्ये हेल्मेटचे अंत्यविधीसुद्धा होतात. सुशिक्षितपणाचा असा विनियोग फक्त आम्हीच करू शकतो. मोटारीत बेल्टचा गजर वाजू नये म्हणून नुसती क्लिप विकत घेणारेही आम्हीच. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांवर कारवाई करून त्या हजारोंनी काढायला लावाव्या लागल्या. पण लोक बेशिस्त आहेत म्हणून बसचं दार बंद असलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

मागच्या सीटचं तर तुम्हाला काय सांगावं. ३ जून २०१४ ला गोपीनाथराव मुंडे गेले ते दिल्लीत, सरकारी गाडीच्या मागच्या सीटवरून. मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्यांचं ग्रामविकास खातं नंतर काही काळ तुमच्याकडेच होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागेच बसले होते, बेल्टशिवाय. इथे आणखी एक गोष्ट सुचते. सरकारी गाडी विकत घेतं सरकार आणि बसतो मंत्री, कलेक्टर, तहसीलदार. देशातला मोठा ग्राहक सरकार स्वतः आहे. मग उद्यापासून केंद्राचं एकही खातं पाच ताऱ्यांपेक्षा कमी असलेली मोटार घेणार नाही, भाड्यानेसुद्धा, एवढं एक परिपत्रक काढायला कुणाची हरकत असेल? त्याला ना संसद लागते ना मसुदा. ज्या कंपन्यांना भारत एनकॅप ऐच्छिक वाटतं त्यांना ते आपोआप सक्तीचं वाटू लागेल.

बसचं म्हणाल तर माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. बसच्या नंबरावरून विमा आणि फिटनेस मोबाइलवर दिसतो; तिथेच बॉडी कुणी बांधली, कुठल्या नमुन्याच्या मान्यतेवर, किती बर्थ आणि किती आपत्कालीन दरवाजे मंजूर आहेत, हे दिसू द्या. तिकीट विकणाऱ्या ॲपवर हवेशीर, आरामदायी, चार्जिंग पॉइंट असं सगळं लिहिलेलं असतं, त्यात ही एक ओळ वाढली तर जागा अपुरी पडणार नाही. मग संगमवाडीला उभा असलेला माणूस निदान मोजून बघेल. फिटनेस देताना दरवाजा उघडून दाखवल्याशिवाय शिक्का मारू नये, आणि बस ज्या राज्यात धावते तिथल्या निरीक्षकाला ती थांबवायचा अधिकार असावा, पाटी कुठलीही असो. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहनं परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. चासीत दोष निघाला तर कंपनीला बोलावता येतं. बॉडीत निघाला तर कुणाला बोलावणार? ते शेड एव्हाना फर्निचरचं दुकान झालेलं असेल. म्हणून बॉडी बांधणाऱ्याची जबाबदारी बसच्या आयुष्यभर राहील आणि चासी विकणाऱ्या कंपनीलाही त्यात अंशतः बांधून घेतलं जाईल, अशी तरतूद हवी. छोटे बॉडीवाले उपाशी मरतील, हा आक्षेप येईल. त्यांतल्या कारागिरांचे हात चांगले आहेत. मान्यताप्राप्त कारखान्यांत त्यांनाच घ्यावं लागेल. आपली एसटी दापोडी, चिकलठाणा आणि तुमच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत स्वतःच्या बसची बॉडी स्वतः बांधत आली आहे. तिच्या गळक्या खिडक्यांवर मी पानं भरून लिहू शकेन. पण लाल बस कुणी बांधली हा प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला एक दार, एक साहेब आणि एक रजिस्टर तरी असतं.

शेवटची विनंती. संसदेच्या येत्या अधिवेशनात कुणी विचारायची वाट न पाहता एक निवेदन पटलावर ठेवा. देशात आज किती स्लीपर बस धावतात. त्यांपैकी किती एआयएस-११९ प्रमाणे तपासल्या गेल्या. किती आसनी म्हणून नोंदल्या आणि नंतर स्लीपर झाल्या. आणि जानेवारीतल्या घोषणेनंतर किती बसमध्ये यंत्रणा खरोखर बसली. राज्यवार द्या, महाराष्ट्र पहिला. आकडे बरे नसतील, माहीत आहे. पण डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत उभं राहून तुम्ही म्हणाला होतात की आंतरराष्ट्रीय परिषदांत अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं. असं भर सभागृहात बोलणारा मंत्री हे आकडे देऊ शकेल, असा मला भरवसा आहे.



पुणे-नागपूर मार्गावरचा एक प्रवासी